आणखी एक मणका वर

पाठीच्या कण्यातली गाठ काढली तर लुळा पडलेला माणूस पुन्हा चालू शकतो, हे जगाला १८८७ सालापासून माहीत आहे. तेव्हा क्लोरोफॉर्म होता, जंतुनाशकं होती, हात बसलेले सर्जनही होते. एक्स-रे मात्र नव्हता, त्याला अजून आठ वर्षं अवकाश होता. म्हणजे ही गाठ पहिल्यांदा शोधली गेली ती एकही फोटो न काढता. माणसाला प्रश्न विचारून आणि त्याच्या अंगाला हात लावून.

आता नागपूरच्या रामदासपेठेत या. सेंट्रल बाजार रोडवरून पंचशील चौकाकडे चालत जा, नाहीतर वर्धा रोड ओलांडून धंतोलीत शिरा. दर दोन-चार इमारतींमागे एक हॉस्पिटल, खाली मेडिकल स्टोअर, शेजारी पॅथॉलॉजी लॅब आणि कुठेतरी एमआरआयचा बोर्ड. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळपासून छिंदवाडा, बालाघाट, राजनांदगाव, आदिलाबादपर्यंतची माणसं इथे येतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फाइल आणि फिल्म्स. पैसे असतील तर सकाळी सांगितलेला एमआरआय संध्याकाळपर्यंत हातात पडतो.

आणि तरीही, मज्जारज्जूवर दाब देणारी साधी, कॅन्सर नसलेली गाठ असलेला पेशंट वर्ष-दोन वर्षं फिरून मगच योग्य डॉक्टरपुढे बसतो. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही, जगभर होतं. १८८७ मध्ये यंत्र नसताना जी गाठ सापडली, ती आज यंत्र गल्लीच्या टोकाला असताना का सापडत नाही? मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमधला माणूस आहे. दिसतं एकीकडे आणि बिघडलेलं असतं भलतीकडेच, अशा गोष्टी शोधण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे या प्रश्नाने मला धरून ठेवलं.

'साधी' म्हणजे किती साधी?

मज्जारज्जू म्हणजे मेंदूतून निघून पाठीच्या कण्यातल्या पोकळीतून खाली उतरणारा नसांचा दोर. जाडी साधारण करंगळीएवढी, लांबी जेमतेम दीड फूट. हात-पाय हलवण्याचे सगळे हुकूम याच्यातून खाली जातात आणि स्पर्श, वेदना, थंड-गरम, लघवीची जाणीव अशा सगळ्या बातम्या याच्यातूनच वर येतात. भोवती आवरणं, आवरणांत पाणी, आणि बाहेर हाडाची भिंत.

या जागेत तीन प्रकारे गाठ होऊ शकते. आवरणाच्या बाहेर, आवरणाच्या आत पण रज्जूच्या बाहेर, किंवा थेट रज्जूच्या पोटात. मधल्या प्रकारात बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. आवरणातून वाढणारी मेनिंजिओमा आणि नसेच्या वेष्टनातून वाढणारी श्वानोमा ही त्यातली मुख्य दोन नावं. रज्जूच्या पोटातल्या गाठींमध्ये एपेंडिमोमा महत्त्वाची. हे सगळं दुर्मीळच. मज्जारज्जूत किंवा त्याच्या आवरणांत मुळातून उगवणाऱ्या गाठी दरवर्षी लाखात साधारण एखाद्याला होतात.

डॉक्टर जेव्हा 'बिनाइन आहे' म्हणतात तेव्हा त्यांना एवढंच म्हणायचं असतं की ही गाठ शरीरात पसरत नाही आणि हळू वाढते. पण पोटात लिंबाएवढी गाठ वर्षानुवर्षं पत्ता न लागता राहू शकते. इथे बदामाएवढीही पुरते, कारण हाडाची भिंत हलत नाही. गाठ वाढते आणि रज्जू दबत जातो. हळू वाढते म्हणून तो बराच काळ सहनही करतो. घातक वेग नसणं हीच या आजाराची अडचण आहे, कारण रोज थोडं थोडं बिघडणारं चालणं माणूस 'वय झालं' या खात्यात टाकून मोकळा होतो.

कॅप्टन गिल्बी

१८८४ साली इंग्लंडमधल्या कॅप्टन गिल्बी नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या पाठीत, डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली दुखू लागलं. तीन वर्षांत वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळी कारणं सांगितली. बरगड्यांमधल्या नसेचं दुखणं हे त्यातलं एक. १८८७ पर्यंत दोन्ही पाय गेले होते, छातीपासून खाली स्पर्श कळत नव्हता, लघवी अडली होती आणि दुखणं असह्य झालं होतं. वय ४२.

लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या नॅशनल हॉस्पिटलचे विल्यम गॉवर्स यांनी त्यांना तपासलं. गॉवर्स म्हणजे तपशिलांचा माणूस. पेशंटचं बोलणं जसंच्या तसं टिपता यावं म्हणून ते शॉर्टहँडमध्ये नोंदी ठेवत आणि इतर डॉक्टरांनीही ती शिकावी असा आग्रह धरत. त्यांनी क्रम लावला. आधी एकाच जागी एका बाजूला दुखणं, म्हणजे तिथली एक नस चिमटली जातेय. मग पाय जाणं, म्हणजे तिथेच रज्जू दबतोय. बाहेरच्या हाडात काही दिसत नाही, म्हणजे दाबणारी वस्तू आत आहे. निदान झालं: आवरणाच्या आतली गाठ. तोवर अशी गाठ काढून माणूस बरा झाल्याची नोंद कुठेच नव्हती.

९ जून १८८७ रोजी तीस वर्षांच्या व्हिक्टर हॉर्स्ले यांनी पाठ उघडली. मणक्यांच्या मागच्या कमानी काढल्या, आवरण उघडलं. गाठ नव्हती. वर आणि खाली चाचपून पाहिलं, काही लागलं नाही. इथे थांबून जखम शिवली असती तर कुणी नावं ठेवली नसती. शेजारी उभे असलेले मदतनीस चार्ल्स बॅलन्स यांनी आणखी वर जाण्याचा आग्रह धरला, असं सांगितलं जातं. वरची आणखी हाडं काढली आणि उघडलेल्या भागाच्या अगदी वरच्या टोकाला, रज्जूला एका बाजूला सारून बसलेली बदामाच्या आकाराची गाठ दिसली.

वर्षभराने गिल्बी दिवसाचे सोळा तास काम करत होते, त्यातलं बरंचसं उभ्याने आणि चालत. पुढे ते साधारण वीस वर्षं जगले. गॉवर्स आणि हॉर्स्ले यांनी १८८८ मध्ये ही केस लंडनच्या वैद्यकीय सभेपुढे मांडली, आणि जगभरच्या सर्जन लोकांना कळलं की हे करता येतं.

या गोष्टीत सर्जरीचं धाडस सगळ्यांना दिसतं. मला मात्र त्या चुकलेल्या जागेचं कोडं जास्त महत्त्वाचं वाटतं. इतका बारकाईने तपास करूनही ते खालीच का उघडून बसले?

अंगावरचा नकाशा

कारण गाठीचा पत्ता अंगावर लिहिलेला असतो, पण तो थेट वाचता येत नाही. रज्जूतून नस एका पातळीवर निघते, पोकळीत काही अंतर खाली उतरते आणि मग खालच्या मणक्यापाशी बाहेर पडते. शिवाय त्वचेच्या प्रत्येक पट्ट्याला एकाहून जास्त नसा पुरवठा करतात. वरची एक नस मेली तरी शेजारची नस तिची जागा सांभाळून घेते. त्यामुळे जिथून खाली बधिरपणा सुरू झालेला दिसतो, खरी गाठ त्याच्याही वर असते. आमच्या धंद्यातही स्क्रीनवर जिथे एरर दिसते तिथून उलट वर चढत गेल्यावरच मूळ सापडतं. इथे तर ते चढणं चाकू हातात घेऊन करायचं होतं.

१८९०च्या दशकात चार्ल्स शेरिंग्टन यांनी माकडांवर एकेक नस तपासून हा आच्छादनाचा नियम पक्का केला. हेन्री हेड यांनी नागिणीच्या पुरळाचे पट्टे बघून माणसाच्या अंगावर कुठल्या नसेचा मुलूख कुठून कुठे, त्याचा नकाशा काढला. नागीण एकेका नसेच्या पट्ट्यातच उठते, त्यामुळे निसर्गानेच रंगवून दिलेला तो नकाशा होता. त्याआधी ब्राउन-सेकार यांनी दाखवलं होतं की रज्जूचा अर्धा भाग दुखावला तर ताकद त्याच बाजूच्या पायाची जाते आणि वेदना-तापमानाची जाणीव मात्र दुसऱ्या पायाची. एक पाय अशक्त आणि दुसऱ्याला चटका कळत नाही असा पेशंट समोर आला, तर गाठ कुठल्या बाजूला आहे ते टेबलापलीकडूनच सांगता येतं.

१८९६ मध्ये पॅरिसच्या जोसेफ बाबिन्स्की यांनी सगळ्यांत स्वस्त तपासणी दिली. तळपायाच्या कडेने टाचेपासून पुढे किल्लीसारख्या वस्तूने रेघ ओढायची. धडधाकट मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. तो वर उठला तर मेंदूपासून रज्जूपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी बिघाड आहे. गुडघे झिजले म्हणून अंगठा वर उठत नाही. कंबरेची गादी सरकली म्हणूनही उठत नाही, कारण रज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली उरतात त्या नुसत्या सुट्या नसा. अंगठा वर उठला तर शोध त्याच्या वरच घ्यायचा, हे या रेघेने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे.

खसखशीचं तेल

पुढची पायरी पाण्याची. १८९१ मध्ये जर्मनीच्या क्विंके यांनी कंबरेतून सुई घालून रज्जूभोवतीचं पाणी काढण्याची पद्धत दाखवली. गाठीने वाट अडवली असेल तर खालचं पाणी पिवळट आणि दाट येतं, हे लवकरच लक्षात आलं. १९१६ मध्ये क्वेकेनस्टेड यांनी सोपी युक्ती सांगितली. सुई आत असताना मानेच्या शिरा दाबायच्या. वाट मोकळी असेल तर पाण्याचा दाब झटकन वर चढतो, अडलेली असेल तर चढत नाही. वाट अडली आहे हे कळलं, पण नेमकी कुठे, ते अजूनही कळत नव्हतं.

त्याचं उत्तर पॅरिसमध्ये १९२१-२२ च्या सुमारास मिळालं, तेही थोडं योगायोगाने. झाँ सिकार आणि त्यांचे सहकारी झाक फॉरेस्तिए पाठदुखीवर लिपिओडोल नावाचं औषध टोचत असत. लिपिओडोल म्हणजे आयोडीन मिसळलेलं खसखशीचं तेल. एकदा ते रज्जूभोवतीच्या पाण्यात गेलं आणि एक्स-रेच्या पडद्यावर तेलाचे काळे थेंब खाली घरंगळताना दिसले. पेशंटला काही अपाय झाला नाही. मग मुद्दाम मानेजवळून तेल सोडायचं, पेशंटला कलतं करायचं आणि थेंब कुठे अडकतो ते बघायचं. जिथे अडकला तिथे गाठ. मायलोग्राम तो हाच. पुढची साठेक वर्षं तेलं आणि औषधं बदलत गेली, पण जगभर या गाठींचा पत्ता याच पद्धतीने निघत राहिला.

आपल्याकडे 'पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो' आणि 'मणक्याच्या ऑपरेशनने पाय जातात' ही वाक्यं अजून ऐकू येतात. आपण त्यांना अडाणीपणा म्हणून हसतो. पण वाट पूर्ण अडवणारी गाठ असताना खालून पाणी काढलं तर दाबाचा तोल बिघडून रज्जू आणखी दाबला जाऊ शकतो आणि पाय खरोखर जाऊ शकतात. हा धोका वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांतही आहे. शिवाय ऑपरेशनपर्यंत जे पोचत ते बहुधा पाय जवळजवळ गेल्यावरच पोचत. कुणाच्या तरी गावात कुणाचे तरी पाय गेलेले दिसले असतील. भीती उगाच आलेली नव्हती, ती फक्त जुन्या काळातली होती. आता पाणी काढण्याआधी फोटो निघतो.

वेल्लोर, मुंबई, नागपूर

भारतात मेंदू आणि मज्जारज्जूची वेगळी शस्त्रक्रिया स्वातंत्र्यानंतरची. डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला पहिला विभाग सुरू केला, पुढच्याच वर्षी डॉ. बी. राममूर्ती यांनी मद्रासला. १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली तेव्हा संस्थापक होते चौघेच. मुंबईत डॉ. राम गिंडे यांनी या शाखेची सुरुवात केली आणि केईएममध्ये डॉ. होमी दस्तूर यांनी विभाग उभा केला. मराठी मुलखातल्या पेशंटसाठी बराच काळ मुंबई हाच शेवटचा पत्ता होता. नागपूरचं मेडिकल कॉलेज १९४७ चं. मज्जारज्जूची बारीक कामं नागपुरातच नेहमीची व्हायला मात्र आणखी काही दशकं जावी लागली. डॉ. जी. एम. टावरी यांनी उभ्या केलेल्या बजाजनगरच्या सिम्ससारख्या संस्था त्या टप्प्यावरच्या.

भारतातल्या डॉक्टरांपुढे एक जास्तीची अडचण होती: टीबी. मणक्याचा टीबी आपल्याकडे इतका सर्रास की पाठ दुखून पाय अशक्त होत चाललेला माणूस दिसला की पहिला संशय त्याच्यावरच. तो संशय बहुतेक वेळा बरोबरही असे. पण ज्याला टीबी नव्हता, गाठ होती, त्याचे महिने टीबीच्या गोळ्या खाण्यात जात. प्रत्येक काळाचा आणि प्रत्येक मुलखाचा एक सोयीचा आरोपी असतो. गिल्बींच्या काळात तो बरगडीची नस होता, विसाव्या शतकातल्या भारतात टीबी. आजच्या नागपुरात कोण, ते पुढे येतंच.

हात, डोळा, भिंग

आवरणाखालची गाठ काढणं जमू लागलं तरी रज्जूच्या पोटातली गाठ सगळ्यांना घाबरवत होती. तिथे पोचायचं तर रज्जूलाच चीर द्यावी लागते. न्यूयॉर्कच्या चार्ल्स एल्सबर्ग यांनी १९१०च्या सुमारास यावर सबुरीचा उपाय काढला. रज्जूला मागून बारीक चीर द्यायची, गाठीला हात न लावता जखम बंद करायची आणि आठवड्याने पुन्हा उघडायची. आतल्या दाबाने गाठ तोवर स्वतःच बाहेर सरकलेली असे, मग ती अलगद काढता येई. सर्जनने आठ दिवस काहीच न करणं हा ऑपरेशनचा भाग होता.

१९२२ मध्ये हार्वी कुशिंग यांनी आवरणातल्या गाठीला 'मेनिंजिओमा' हे नाव दिलं. १९५०च्या दशकापासून ऑपरेशनचा मायक्रोस्कोप आला. दोन टोकांच्या चिमट्यात रक्तवाहिनी धरून आजूबाजूला धग न लागता ती बंद करता येऊ लागली. १९७०च्या दशकाअखेर ध्वनिलहरींनी गाठ आतून पोखरून शोषून घेणारं यंत्र आलं. मग ऑपरेशन चालू असतानाच पायापर्यंत संदेश पोचतोय का ते विजेच्या बारीक झटक्यांनी तपासत राहण्याची सोय झाली.

आणि एमआरआय आला. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये कल्पना मांडली, २००३ मध्ये पीटर मॅन्सफिल्ड यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. सुई नाही, तेल नाही, एक्स-रेही नाही. रज्जू, पाणी, गाठ, सगळं वेगवेगळं दिसतं. गॉवर्स यांना जे तर्काने बांधावं लागलं, ते आता वीस-तीस मिनिटांत समोर येतं. इथे ही कहाणी संपायला हवी होती.

चौकटीबाहेरची गाठ

पण एमआरआय तिथलाच फोटो काढतो जिथला सांगितलेला असतो.

पाय दुखतात, जड पडतात, चालवत नाही, अशी तक्रार घेऊन पन्नाशी-साठीची बाई ओपीडीत येते. डॉक्टरसमोर रांग असते. कंबरेचा एमआरआय लिहून दिला जातो. त्या चौकटीत साधारण छातीच्या शेवटच्या एक-दोन मणक्यांपासून खालचा भाग येतो. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या कंबरेतल्या गाद्या थोड्याफार झिजलेल्या असतातच, दुखत असो वा नसो. त्यामुळे रिपोर्टात 'एल४-एल५' लिहून येतंच. आरोपी सापडला. गोळ्या, पट्टा, फिजिओथेरपी. मेनिंजिओमा मात्र सर्वांत जास्त वेळा होतो छातीमागच्या मणक्यांत, आणि पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त, तोही याच वयात. गाठ चौकटीच्या चार बोटं वर बसलेली असते आणि फोटो नॉर्मलच्या जवळपासचा येतो.

हिंगणघाटच्या माझ्या आत्याच्या फाइलमध्ये हा सगळा प्रवास तारीखवार लावलेला आहे. आधी गुडघे, म्हणून कॅल्शियम. मग शुगर थोडी जास्त, म्हणून पायाच्या बधिरपणाचं खापर तिच्यावर. मग कंबरेचा एमआरआय आणि सरकलेली गादी. कुणी खोटं बोललं नव्हतं. गुडघे झिजलेले होते, शुगर होती, गादीही सरकलेली होती. जवळजवळ दोन वर्षांनी रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवून तिला विचारलं, "बाई, चालताना पायातली चप्पल निघून जाते का? आणि निघाल्याचं कळतं का?"

"निघते ना. घरचे सांगतात मागून, तेव्हा समजते."

"तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो?"

"जातो. म्हणून मी खाली बसूनच धुते आता."

"छातीला काही आवळल्यासारखं?"

आत्याने आमच्याकडे बघितलं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण पायाच्या डॉक्टरला छातीचं काय सांगायचं. छातीखाली पदर घट्ट बांधल्यासारखं वाटायचं तिला, रात्री आडवं झाल्यावर जास्त. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय ताडकन उडाला. खिशातल्या किल्लीने तळपायावर रेघ ओढली. अंगठा वर उठला. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: डॉर्सल स्पाइन एमआरआय. गाठ सातव्या-आठव्या मणक्यामागे होती.

ऑपरेशन झालं, आता ती चालते. उजव्या पायात ताठरपणा राहिला आहे, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. ऑपरेशनला जाताना पेशंटची अवस्था किती चांगली, त्यावर नंतरची अवस्था बरीचशी ठरते. रज्जू सहन करतो, पण फार उशीर झाला तर सगळं परत देत नाही. तो ताठरपणा म्हणजे त्या दोन वर्षांतलं जे परत मिळालं नाही ते.

अजूनही मोजावंच लागतं

या ऑपरेशनमधली एक गोष्ट १८८७ पासून फारशी बदललेली नाही. पेशंटला पालथं झोपवल्यावर सर्जनचं पहिलं काम असतं मणके मोजणं. एमआरआयमध्ये गाठ आठव्या मणक्यामागे दिसली, पण पाठीवर आठवा मणका कुठला? छातीमागचे बाराही मणके बाहेरून जवळजवळ सारखेच. म्हणून ऑपरेशन टेबलावर सी-आर्म नावाचं एक्स-रे यंत्र फिरवून माकडहाडाकडून वर किंवा मानेकडून खाली एकेक मोजत यावं लागतं, आणि एखाद्याला बरगडीची जोडी कमी-जास्त असली की घोटाळा होऊ शकतो. चुकीच्या मणक्यावर उघडणं हा आजही गांभीर्याने घेतला जाणारा धोका आहे. हॉर्स्ले जिथे अडले तो प्रश्न अजून रोज टेबलावर येतो.

मग कमानी काढायच्या, मायक्रोस्कोपखाली आवरण उघडायचं, गाठ आतून पोकळ करायची म्हणजे ती आपल्याच अंगावर कोसळते आणि रज्जू ढकलावा लागत नाही. शेवटी पाणी झिरपणार नाही असं आवरण शिवायचं. आवरणाखालच्या साध्या गाठी बहुतेक वेळा पूर्ण निघतात.

हॉर्स्ले १९१६ मध्ये मेसोपोटेमियातल्या अमारा इथे उष्माघाताने वारले. त्या आघाडीवर भारतीय शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि जखमींची तिथली हेळसांड थांबावी म्हणून ते भांडत होते. त्यांच्या हयातीत ऑपरेशन जगभर पोचलं, पण गाठीचा पत्ता शोधण्याची विद्या पूर्ण व्हायला पुढचं अर्धशतकाहून जास्त गेलं. आता ती यंत्रात आली आहे आणि नेमकं म्हणूनच प्रश्न विचारणारा माणूस घाईत असला तरी चालेल असं सगळ्यांना वाटू लागलं आहे.

यातलं थोडं आपल्या हातात आहे. अनेक सेंटरवर कंबरेच्या एमआरआयसोबत 'होल स्पाइन स्क्रीनिंग' करून मिळतं, म्हणजे संपूर्ण कण्याचे झटपट काढलेले उभे फोटो. आपल्याला ते लागेल का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. त्याआधी घरातल्या आई, आत्या, मावशीला, गुडघे दुखतात म्हणून गप्प बसलेल्या कुणालाही, चार गोष्टी विचारता येतात. चप्पल न कळता पायातून निघते का? डोळे मिटले की तोल जातो का? छातीला किंवा पोटाला पट्टा आवळल्यासारखं वाटतं का? लघवीला घाई होते किंवा अडते का? यातल्या एकालाही 'हो' आलं तर ते तसंच्या तसं, त्याच शब्दांत, डॉक्टरांना सांगा. आणि पाय नुसते दुखत नसून कडक पडत असतील, त्यांची ताकद कमी होत असेल, तर तळपायावर रेघ ओढून बघायला सांगा. त्याला एक मिनिटही लागत नाही.